उपमा नको, पोंगल हवा: मुलांच्या जिभेचा कौल आणि शाळेतले ताट

तमिळनाडू सरकारने २०२५ मध्ये शाळांतील न्याहारी योजनेत एक लहानसा बदल केला. सोमवारच्या न्याहारीतील उपमा वगळून त्याजागी पोंगल आणि सांबार देण्याचे जाहीर झाले. विधानसभेत ही घोषणा करताना जे कारण पुढे आले ते विद्यार्थ्यांच्या मागणीचे होते. त्याच वर्षी फेब्रुवारी महिन्यात शेजारच्या केरळात अंगणवाडीतील एका बालकाने उपमा नको, बिर्याणी हवी, असा बोबडा हट्ट धरला. त्याची चित्रफीत राज्यभर पाहिली गेली आणि जूनमध्ये तेथील अंगणवाड्यांच्या सुधारित आहारपत्रिकेत अंडा बिर्याणीचा समावेश झाला. दोन राज्यांच्या सरकारांनी बालकांच्या जिभेपुढे मान तुकवली, असे या दोन घटनांचे वर्णन वृत्तपत्रांतून कौतुकाने झाले.

कौतुक वावगे नाही. मात्र मुलाला जे आवडते तेच ताटात वाढावे काय, हा प्रश्न त्यातून सुटत नाही. उलट तो अधिक ठळक होतो. सरकारी शाळेतील लाखो मुलांचे ताट जेव्हा आवडीनिवडीनुसार बदलू लागते, तेव्हा ती आवड येते कोठून आणि मोठ्यांच्या आवडीहून ती इतकी निराळी का असते, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी तंजावरसारखे दुसरे ठिकाण नाही. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील हा भाग तमिळनाडूचे भाताचे कोठार मानला जातो. न्याहारी योजनेचा आरंभ १५ सप्टेंबर २०२२ रोजी मदुराई येथे तत्कालीन मुख्यमंत्री एम. के. स्टालिन यांच्या हस्ते झाला. राज्यभरातील सुमारे ३१ हजार सरकारी शाळांपर्यंत तिचा विस्तार झाला तो २५ ऑगस्ट २०२३ रोजी थिरुक्कुवळै या गावातून. हे गाव आज नागपट्टिणम जिल्ह्यात असले तरी १९९१ पूर्वी ते जुन्या तंजावर जिल्ह्याचाच भाग होते. मराठी वाचकाला तंजावर परिचित आहे ते अर्थातच भोसल्यांच्या राज्यामुळे. १६७५ च्या सुमारास व्यंकोजी राजांनी तेथे सत्ता स्थापन केली आणि १८५५ मध्ये इंग्रजांनी ते राज्य खालसा केले. या पावणेदोनशे वर्षांत दक्षिणेत स्थिरावलेल्या मराठी घराण्यांच्या स्वयंपाकघरात जे घडले, ते चवीच्या शास्त्राच्या दृष्टीने एक मोठा प्रयोगच म्हणता येईल.

कारल्याचे पिट्लै

तंजावरच्या घराघरांत ‘पिट्लै’ नावाचा पदार्थ होतो. तुरीची डाळ, चिंचेचा कोळ, भाजलेले खोबरे, धने आणि लाल मिरची यांच्या वाटणात कारली किंवा वांगी शिजवून तो करतात. त्याचे नाव मराठी ‘पिठल्या’वरून आले असे मानले जाते, जरी आपल्याकडील बेसनाच्या पिठल्याशी त्याचे आता फारसे साम्य उरलेले नाही. ‘डांगर पच्चडी’ मात्र थेट ओळखीची वाटते. उडदाचे पीठ आणि दही यांचा हा प्रकार महाराष्ट्रातील डांगराचा सख्खा भाऊ शोभावा असा आहे. (सांबाराचा शोध तंजावरच्या मराठी दरबारात लागला आणि संभाजी राजांवरून त्याला ते नाव पडले, ही कथा महाराष्ट्रात मोठ्या आवडीने सांगितली जाते. तिला समकालीन पुरावा आढळत नाही, तेव्हा ती कथा म्हणूनच ऐकावी.)

कारल्याचे पिट्लै घरातील वडीलधारी मंडळी भाताबरोबर चवीने खातात. त्याच घरातील पाच वर्षांचे मूल ते तोंडात घालण्यासही तयार नसते. पुढे पंधरा-वीस वर्षांनी हेच मूल परगावी नोकरीला गेल्यावर आईच्या हातच्या पिट्लैची आठवण काढते. सुकवून तळलेली सुंडक्काय आणि मणत्तक्काळी यांसारखी कडवट फळे, एप्रिलच्या मध्यास येणाऱ्या तमिळ नववर्षाला केले जाणारे कडुनिंबाच्या फुलांचे पदार्थ, कुंभकोणमची प्रसिद्ध डिग्री कॉफी, या साऱ्यांची कथा हीच आहे. गुढीपाडव्याला कडुनिंबाचा पाला आणि गूळ हातावर आल्यावर तोंड फिरवणारे मूल महाराष्ट्रातील कोणत्या घरात नसते?

हा मुलांचा खोडकरपणा नव्हे. १९७० च्या दशकात इस्रायलमधील संशोधक जेकब स्टायनर यांनी नवजात अर्भकांच्या जिभेवर निरनिराळ्या चवींचे थेंब ठेवून त्यांच्या चेहऱ्यांची छायाचित्रे घेतली. अद्याप पहिले दूधही न घेतलेल्या या बालकांच्या चेहऱ्यावर गोड थेंबाने समाधान उमटले, तर कडू थेंबाने तोंड वेडेवाकडे होऊन जीभ बाहेर आली. शिकवण्यास कोणी नव्हते, अनुकरणास वेळ नव्हता. म्हणजे गोडाची ओढ आणि कडूचा तिटकारा घेऊनच मूल जन्माला येते. खारटाचे तसे नाही. नवजात अर्भक मिठाबाबत बहुधा उदासीन असते आणि त्याची आवड साधारण चार ते सहा महिन्यांच्या सुमारास दिसू लागते.

यामागील कारणपरंपरा उलगडणे अवघड नाही. मातेच्या दुधात दर १०० मिलिलिटरमागे सुमारे ७ ग्रॅम दुग्धशर्करा असते. गोड म्हणजे ऊर्जा, आणि झपाट्याने वाढणाऱ्या शरीराला ती सतत हवी असते. उलट निसर्गातील अनेक विषारी वनस्पती कडू असतात. लहान वजनाच्या शरीराला विषाची अल्प मात्राही घातक ठरते. त्यामुळे जे मूल कडू वस्तू थुंकून टाकी ते वाचे. आजच्या मुलाला पालेभाजी नकोशी वाटते ती याच प्राचीन सावधगिरीमुळे.

मात्र मुलांना कडू अधिक कडू लागते काय, याचे उत्तर बराच काळ मिळत नव्हते. १९३१ मध्ये अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ आर्थर फॉक्स यांना योगायोगाने असे आढळले की, एक विशिष्ट रसायन काहींना अतिशय कडू लागते तर काहींना त्याची चवच लागत नाही. हा फरक आनुवंशिक असल्याचे पुढे सिद्ध झाले आणि या शतकाच्या आरंभी त्यास कारणीभूत असणारे जनुकही सापडले. फिलाडेल्फिया येथील मोनेल संस्थेतील ज्युली मेनेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मुले व त्यांच्या माता यांची या जनुकाच्या आधारे तुलना केली. ज्यांच्याकडे या जनुकाची एक संवेदनशील आणि एक असंवेदनशील अशी प्रत होती, त्यांच्यातील मुलांना मोठ्यांपेक्षा कमी प्रमाणातील कडूपणाही जाणवत होता. म्हणजे एकाच जनुकाची अभिव्यक्ती वयानुसार बदलते. ‘एवढे काही कडू नाही’ असे सांगणारी आई आणि ‘फार कडू आहे’ म्हणणारे मूल, दोघेही खरे बोलत असण्याची शक्यता आहे.

गोडाचेही असेच. मोठ्यांना अतिगोड वाटणारे सरबत मुलांना योग्य वाटते आणि ही आवड साधारण पौगंडावस्थेच्या मध्यास ओसरू लागते. अमेरिकेतील एका अभ्यासात ११ ते १५ वयोगटातील ज्या मुलांची गोडाची ओढ कमी झाली होती, त्यांच्या शरीरातील हाडांच्या वाढीचे निदर्शक द्रव्यही कमी आढळले. उंची वाढण्याचा वेग मंदावला की गोडाची हावही उतरते, असा त्याचा अर्थ लावला जातो. आंबटाच्या बाबतीत मात्र काही मुले मोठ्यांवर मात करतात. चिंचा, कैऱ्या आणि आवळे खाऊन दात आंबवून घेणारी मुले शाळेबाहेरच्या हातगाडीभोवती दिसतात ती उगाच नव्हेत.

भारतीय वैद्यकानेही वयानुसार आहार बदलतो हे फार पूर्वी नोंदवले होते. सुश्रुताने बालकांचे क्षीरप, क्षीरान्नाद आणि अन्नाद, म्हणजे केवळ दूध पिणारे, दूध व अन्न दोन्ही घेणारे आणि अन्न खाणारे, असे वर्ग केले. तंजावरचे व्यंकोजी राजे यांच्या पत्नी दीपाबाई यांच्या आश्रयाला असलेल्या रघुनाथ नवहस्त या मराठी पंडिताने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात धान्ये, भाज्या, फळे यांचे गुणदोष सविस्तर आले आहेत. खाद्यपदार्थांची इतकी बारकाईने चिकित्सा करण्याची परंपरा ज्या शहरात होती, तेथील शाळेच्या ताटाचा विचार केवळ उष्मांकांच्या हिशेबात होऊ नये, अशी अपेक्षा ठेवण्यास हरकत नसावी.

चव शिकवता येते

जन्मजात कौल हा अंतिम निकाल नव्हे, हे या विषयातील सर्वांत महत्त्वाचे निष्कर्षवचन. चवीचे शिक्षण गर्भातच सुरू होते. गर्भजलात मातेने खाल्लेल्या अन्नाचा गंध उतरतो आणि गर्भ ते जल गिळत असतो. मेनेला यांच्याच २००१ च्या प्रयोगात गरोदरपणी किंवा स्तनपानाच्या काळात गाजराचा रस घेतलेल्या मातांच्या बालकांनी पुढे गाजराच्या चवीची पेज कमी कुरकूर करत खाल्ली. इंग्लंडमधील डरहॅम विद्यापीठाने २०२२ मध्ये केलेल्या पाहणीत मातेने गाजराची पूड घेतल्यावर गर्भाचा चेहरा हसल्यासारखा, तर कडवट पालेभाजीची पूड घेतल्यावर रडल्यासारखा झालेला ध्वनिलहरींच्या चित्रणात दिसला.

तंजावरमध्ये स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या हेच घडले असणार. जन्मजात आवड सर्वत्र सारखीच, परंतु चिंच, तीळतेल, कढीपत्ता आणि मिरी यांचा गंध आईच्या ताटातून बाळाकडे गेला. घरात मराठी बोलणाऱ्या मुलाची जीभ तमिळ झाली ती अशी.

तिखट ही तर मुळात चवच नव्हे. मिरचीतील द्रव्य जिभेवरील उष्णता व वेदना जाणणाऱ्या ग्राहीला चेतवते. या ग्राहीच्या शोधाबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. वेदना देणारा पदार्थ कोणत्याही मुलाला आपणहून आवडत नाही. मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी मेक्सिकोतील एका खेड्यात केलेल्या अभ्यासात मुलांना मिरचीची सक्ती कोणी करत नव्हते. थोरामोठ्यांना आनंदाने खाताना पाहून साधारण पाच ते आठ वर्षांच्या दरम्यान ती मुले स्वतःच तिखटाकडे वळत. विदर्भात किंवा कोल्हापुरात जे घडते ते याहून निराळे नाही.

दोन ते सहा या वयात मुले एकूणच नव्या पदार्थाला नकार देतात. चालू-फिरू लागलेले मूल जे दिसेल ते तोंडात घालू नये, म्हणून ही भीती उपयोगाची असावी. या वयातील नकारावर पाश्चात्त्य देशांतील अनेक प्रयोगांनी एक साधा उपाय दाखवला आहे. तोच पदार्थ, अल्प प्रमाणात, दबाव न आणता आठ-दहा, काही वेळा पंधरा वेळा पुढे ठेवला की बहुतेक मुले तो स्वीकारतात. पालक मात्र तीन-चार प्रयत्नांनंतर ‘याला ही भाजी आवडत नाही’ असा निकाल देऊन मोकळे होतात. ‘भाजी संपव, मग लाडू देईन’ हा सर्वपरिचित सौदा तर उलटाच परिणाम करतो. भाजी ही शिक्षा आणि लाडू हे बक्षीस, एवढेच मूल त्यातून शिकते.

बाळगुटीचा उल्लेख येथे ओघाने येतो. वेखंड, हिरडा, मुरडशेंग उगाळून तान्ह्या बाळाला चाटवण्याची महाराष्ट्रातील रीत आणि तमिळनाडूतील ‘उरै मरुंदु’ ही एकाच जातीची. कडूची ओळख लवकर करून देण्याचे श्रेय तिला काही जण देतात. पहिले सहा महिने मातेच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे आणि गुटीत कालवला जाणारा मध तर एक वर्षापर्यंत धोकादायक मानला जातो. चवीच्या शिक्षणासाठी हा मार्ग पत्करण्याचे कारण नाही. सहा महिन्यांनंतर वरणभाताबरोबर मऊ शिजवलेली भाजी देऊन ते काम होते.

साखरेचे राजकारण

मुलांची आवड सर्वांत अचूक ओळखली ती बाजाराने. स्वित्झर्लंडमधील ‘पब्लिक आय’ या संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅक या शिशुआहारात दर वाढपात सरासरी पावणेतीन ग्रॅमच्या आसपास वरून घातलेली साखर होती, तर युरोपातील काही देशांत तशाच उत्पादनात ती नव्हती. कंपनीने आपण पाच वर्षांत साखर सुमारे ३० टक्क्यांनी कमी केल्याचे सांगितले आणि त्याच वर्षी साखरविरहित प्रकार बाजारात आणण्याची घोषणा केली. वाद नियमांच्या चौकटीत राहिला, परंतु खरा मुद्दा जिभेचा आहे. ज्या वयात चवीचे मोजमाप ठरत असते त्याच वयात ते गोडाकडे झुकवले, तर पुढे साधी पेज बेचव लागणारच.

याचे परिणाम किती दूरवर जातात, हे ब्रिटनमधील एका अभ्यासाने २०२४ च्या अखेरीस दाखवले. दुसऱ्या महायुद्धातील साखरेचे नियंत्रण तेथे सप्टेंबर १९५३ मध्ये उठले आणि दरडोई खप जवळजवळ दुप्पट झाला. नियंत्रण उठण्याच्या आगेमागे जन्मलेल्यांची तुलना केली असता, गर्भावस्थेत व आयुष्याच्या पहिल्या दोन वर्षांत कमी साखर मिळालेल्यांना उतारवयात मधुमेह होण्याचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी, तर उच्च रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळला. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना साखरेच्या प्रमाणाचे फलक लावण्यास सांगितले. ही सूचना स्वागतार्ह असली तरी तिचा वाचक शाळकरी आहे. जिभेची घडण त्याआधी बरीच झालेली असते.

शाळेतील ताट

शाळेतील ताटाचे महत्त्व येथे आहे. घरात एकेकट्या मुलापुढे दहा वेळा नावडती भाजी ठेवणे गरीब कुटुंबाला परवडत नाही. मूल जे टाकून देणार ते शिजवणे म्हणजे त्यांच्या दृष्टीने अन्नाची नासाडी, आणि म्हणून अशी आई मूल हमखास खाईल तेच करते. तो धोका सरकारी स्वयंपाकघर पत्करू शकते. शिवाय पंगतीला बसलेली चाळीस मुले एकमेकांकडे पाहून खातात, हा लाभ घरी मिळत नाही.

विद्यार्थ्यांना अन्न देण्याची परंपरा तंजावरला जुनी आहे. सरफोजी राजे दुसरे यांनी ओरतनाडू येथे मुक्तांबा हिच्या स्मरणार्थ उभारलेल्या छत्रात वाटसरूंबरोबर विद्यार्थ्यांच्या शिक्षणाची व जेवणाचीही सोय होती. आधुनिक काळात के. कामराज यांनी १९५६ मध्ये माध्यान्ह भोजनाचा पाया घातला आणि एम. जी. रामचंद्रन यांनी १ जुलै १९८२ पासून पौष्टिक आहार योजना सुरू केली. पुढील प्रवास एका अंड्याच्या गणिताने सांगता येतो. १९८९ मध्ये पंधरवड्याला एक अंडे मिळे, २०१० पर्यंत ते आठवड्याला पाच झाले. सांबारभाताचा कंटाळा येतो म्हणून २०१३ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर आणि नंतर राज्यभर लिंबूभात, कढीपत्त्याचा भात, चण्याचा पुलाव, मिरी किंवा टोमॅटोच्या मसाल्यातील अंडी असे प्रकार आले. यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, चव बदलली, पण सत्त्व कमी केले नाही. कढीपत्ता भातात वाटून गेला की बाजूला काढून ठेवता येत नाही, हे कोणा अनुभवी स्वयंपाकिणीलाच सुचावे.

महाराष्ट्राने जून २०२४ मध्ये शाळांसाठी पंधरा पदार्थांची यादी ठरवली. मटार पुलाव, मसालेभात, मोडाच्या मटकीची उसळ, मूग-शेवगा वरणभात, नाचणीसत्त्व, तांदळाची खीर अशी ती यादी कागदावर तरी चवदार होती. त्याआधी नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडे किंवा केळे देण्याचा निर्णय झाला होता. जानेवारी २०२५ मध्ये मात्र अंडी आणि साखर यांचा खर्च शासन करणार नाही, शाळांनी तो लोकसहभागातून उभा करावा, असे ठरले. साखरेचा निधी थांबला याचे एक वेळ समर्थन करता येईल. अंड्याचे समर्थन करणे कठीण आहे. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयोगटातील रक्तक्षयाचे प्रमाण तमिळनाडूत ५७.४ टक्के, देशात ६७.१ टक्के आणि महाराष्ट्रात ६८.९ टक्के होते. अंडे हा मुलांना सहसा आवडणारा आणि पौष्टिकही असलेला विरळा पदार्थ. जेथे आवड व गरज यांचा झगडाच नाही, तेथेही हात आखडता घेतला गेला.

या पार्श्वभूमीवर तमिळनाडूच्या सोमवारच्या बदलाकडे पाहिले तर तो शहाणपणाचा वाटतो. उपम्याच्या जागी मिठाई आली नाही, पोंगल आला. तांदळाबरोबर मुगाची डाळ आल्याने प्रथिनांच्या दृष्टीने ताट सुधारलेच, आणि मऊ पोंगल गार झाला तरी उपम्यासारखा गोळा होऊन घशात अडकत नाही. मुलांचा नकार अनेकदा चवीला नसतो, तो पोताला असतो. केरळातील बिर्याणीतही अंडे आहे. दोन्ही ठिकाणी मुलांचे ऐकले गेले, परंतु काय शिजणार हे मोठ्यांनीच ठरवले.

तंजावर येथील राष्ट्रीय अन्न तंत्रज्ञान संस्थेत भरडधान्यांपासून आइस्क्रीम तयार करण्याचे प्रयोग झाले आहेत. मुलांना आवडणाऱ्या रूपात नावडते धान्य देण्याची ही युक्ती मोहक आहे, मात्र तिची मर्यादाही आहे. आइस्क्रीममधून नाचणी खाल्लेले मूल आइस्क्रीम ओळखू लागते, नाचणीची भाकरी नव्हे. भाजी लपवून देण्याच्या सर्वच युक्त्यांना हा आक्षेप लागू होतो. मीठ, चिंच आणि गूळ घालून कारल्याचा कडूपणा उतरवणाऱ्या पिट्लैत कारले लपत नाही. मिठातील सोडियम कडू चव दडपते हे प्रयोगशाळेत सिद्ध होण्याच्या कितीतरी आधीपासून तंजावरच्या स्वयंपाकिणी कारल्याला मीठ चोळून ठेवत आल्या आहेत.

न्याहारी योजनेच्या सांबारात भाज्या असतात. सुमारे २० लाख मुलांच्या ताटात त्या रोज येतात. त्यांपैकी किती पोटात जातात आणि किती ताटाच्या काठाला सरकवल्या जातात, याचे मोजमाप पदार्थनिहाय आणि वयोगटानुसार जाहीर होऊ लागले, तर पुढील वेळी आहारपत्रिका बदलताना केवळ मागणीवर किंवा चित्रफितीवर विसंबावे लागणार नाही.